आधी पाणी, मग किल्ली

मी दौंडची. जंक्शनवर वाढलेलं माणूस समोरच्याला एका नजरेत ओळखतं असा माझा समज आहे आणि तो माझ्या नवऱ्याला अजिबात मान्य नाही. वडील रेल्वेत होते. आमचं निम्मं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं आणि निम्मं फलाटावर. कोण गाडी चुकली म्हणून बसलाय, कोण घरी भांडून आलाय आणि कोण दुसऱ्याच्या बॅगेवर डोळा ठेवून आहे, हे आम्ही पोरी चहाच्या टपरीआडून बरोबर सांगायचो. त्यामुळे शिरूरला सासरी वरचा मजला पाहुण्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा माणसं पारखायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

पाहुणे म्हणजे अ‍ॅपवरून येणारी माणसं. दोन-चार दिवस राहायची आणि जायची. कुणी रांजणगावच्या एमआयडीसीत मशीन बसवायला आलेलं, कुणी लग्नाला, कुणी मुलीच्या परीक्षेला. आमचं घर न्हावरा रस्त्यावर आहे. आबा, म्हणजे माझे सासरे शंकरराव, एसटीत कंडक्टर होते. त्यांनी हे घर बांधलं आणि रिटायर झाल्यावर वरचा मजला चढवला. वर दोन खोल्या, बाथरूम आणि गच्ची. महेंद्र कंपनीत सुपरवायझर आहे, तो सकाळी बसनं जातो ते दिवेलागणीला येतो. म्हणजे घरात मी, आबा आणि आई. आई म्हणजे सासूबाई, चांगुणा नाव त्यांचं.

बुकिंग आलं की मी हो म्हणायच्या आधी फोन करायचे. अ‍ॅपवर गोड गोड लिहिणं कुणालाही जमतं. फोनवर माणूस उघडं पडतं. कशासाठी येताय, कोण कोण आहात, किती वाजेपर्यंत पोचाल, एवढंच मी विचारायचे. 'असंच, जरा एन्जॉय करायला' असं उत्तर आलं की माझ्याकडे खोली शिल्लक नसायची. एकदा चौघं जण 'आम्ही सख्खे भाऊ' म्हणाले आणि आधार कार्डांवर चार आडनावं निघाली. त्यांना मी आईबापांना नमस्कार सांगायला सांगून फोन ठेवला. जोडपी आली तर लग्नाचा दाखला मी कधीच मागितला नाही. कोण कुणाचं कोण, हे त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या घरात राहणाऱ्यानं नळ बंद करावा आणि गच्चीवर बाटल्या ठेवू नयेत, बाकी मला काही घेणंदेणं नव्हतं.

ही पारख चांगली चालली होती. शिवाय आमच्याकडे एक गोष्ट होती जी शिरूरच्या कुठल्याही लॉजकडे नव्हती, ती म्हणजे आईंचा हात. आईंनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात घालवली. तिथं दुपारी जेवायला बसताना त्या जरा अंतरावर बसायच्या. त्यांचा डबा कुणी मागायचं नाही, त्यांना कुणी द्यायचं तर वरून टाकायचं. आणि आता पुण्या-मुंबईची माणसं त्यांची मासवडी खाऊन बोटं चाटत जिना उतरायची आणि 'आजी, मसाल्यात काय घालता?' विचारायची. आई म्हणायच्या, "काय न्हाय बाई, घरचंच." आणि मग आत येऊन माझ्याकडे बघून असं हसायच्या की मला वाटायचं, त्या हसण्यासाठी मी वरचा मजलाच काय, खालचाही देऊन टाकीन.

मग सारिकाबाई आल्या.

त्या फोनवर इतक्या छान बोलल्या की मीच पाघळले. भाच्याचं लग्न होतं शिरूरला. त्या, त्यांचा नवरा आणि सासू-सासरे येणार होते. मागच्या सगळ्या घरमालकांनी त्यांना चांगलं म्हटलेलं होतं. आणि वर त्या म्हणाल्या, "तुमच्या भागातली मासवडी फार ऐकून आहे हो. तुमच्या सासूबाई करतील का आमच्यासाठी?" आईंनी आदल्या दिवशीपासून तयारी केली. तीळ-खोबरं भाजलं, पाट्यावर मसाला वाटला. मिक्सरला हात लावू दिला नाही.

आल्या त्या दिवशी खालच्या हॉलमध्ये किल्ली घ्यायला उभ्या राहिल्या. "आडनाव काय म्हणालात तुमचं?" मी सांगितलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यामुळे बाईंचं समाधान झालं नाही. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आबांनी घराच्या वास्तूला लावलेला. मग मात्र समाधान झालं. आई तांब्या-भांडं घेऊन पुढं आल्या, तर म्हणाल्या, "आत्ताच प्यायलो." चौघंही आत्ताच प्यायले होते म्हणे. एप्रिल महिना, दुपारचं ऊन, आणि पुण्याहून येताना चौघांची तहान एकदम भागलेली.

मासवडी मी वर नेऊन दिली. त्यांनी थँक्यू म्हणून घेतली. लग्न लागलं, ते गेले आणि आई वरची खोली झाडायला गेल्या. मीच जाणार होते, पण दूधवाला आला म्हणून थांबले. थांबायला नको होतं. कचऱ्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आख्खी मासवडी होती. एक तुकडासुद्धा मोडलेला नव्हता. आई ते पुडकं हातात घेऊन खाली आल्या, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "कुत्र्याला तरी घालायची हुती. त्यानं खाल्ली आसती."

त्या दिवसापासून त्यांनी पाहुण्यांसाठी चूल पेटवणं बंद केलं. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "आता वर काय बी पाठवायचं न्हाई, गौतमे. खोली द्या, किल्ली द्या. माझ्या हातचं न्हाई."

मला इतका राग आला होता की सारिकाबाई समोर असत्या तर मी काय केलं असतं ते लिहिण्यासारखं नाही. पण खरा राग माझा माझ्या पारखेवर होता. मी आधार कार्ड बघत होते, गाडीचा नंबर विचारत होते, दारू पिणारे, भांडणारे, चोर, सगळे वेगळे काढत होते. आणि ज्यांना घरात पाऊलच ठेवू द्यायला नको होतं, ते पाचपैकी पाच चांदण्या मिळवून दारातून सरळ आत आले होते. जंक्शनवर वाढलेल्या पोरीनं हे ओळखायला नको होतं का?

त्या रविवारी महेंद्रनं तोडगा काढला. "गेटला नंबरचं कुलूप लावू," तो म्हणाला. "नंबर फोनवर पाठवायचा. माणूस परस्पर बाहेरच्या जिन्यानं वर जाईल. हॉलमध्ये यायचंच काम नाही. त्यांना काही दिसायला नको, आपल्याला काही वाटायला नको."

"काय दिसायला नको?" मी विचारलं.

त्यानं स्वयंपाकघराकडे नजर टाकली. महेंद्र घाबरट नाही. जयंतीच्या मिरवणुकीत तो सगळ्यात पुढे असतो, कंपनीत चुकीचं बोलणाऱ्याला जागच्या जागी सुनावतो. पण आईंचा उतरलेला चेहरा त्याला बघवत नव्हता आणि तो परत उतरू नये म्हणून तो कुलूप लावायला निघाला होता. हे मला कळत होतं. तरी मी म्हणाले, "अहो, फोटो आपल्या घरातला, घर आबांनी बांधलेलं, आणि जिन्यानं लपूनछपून जायचं कुणी, तर त्यांनी? म्हणजे त्यांची सोय. आणि आपण काय, आपल्याच हॉलमध्ये पडदा ओढून बसायचं?"

"मग काय करणार तू? बुकिंगच्या आधी जात विचारणार?"

"मी का विचारू? विचारायची खोड त्यांची."

आबा इतका वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "मी लायनीवर नवा हुतो तवाची गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "काही जण तिकिटाचे पैसे वरनं टाकायचे. हाताला हात लागू नये म्हणून. मला वळखणारे, आपल्याच भागातले. मी काय करायचो? हात तसाच पुढं धरायचो. पैसे खाली पडले तर वाकायचो न्हाई. आन् डबल बेल द्यायचो न्हाई. गाडी उभी. डायवर मागं बघायचा, बाया वरडायच्या, पोरं रडायची. मी म्हणायचो, एका पॅसेंजरचं तिकीट बाकी हाय. मग सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडायची. शेवटाला मुकाट हातात पैसे ठेवायचा."

"आणि नाहीच ठेवले तर?" महेंद्रनं विचारलं.

"तर उतरायचा. एकदा उतरला एक जण. गेला चालत न्हावऱ्याला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली असणार, पण त्या ऐकत राहिल्या. मला मात्र माझं उत्तर मिळालं होतं. माणूस घरात आलं की आधी पाणी द्यायचं, ही रीत काही मी शोधून काढलेली नव्हती. सगळ्यांच्याच घरात असते ती. मी फक्त किल्ली तिच्या मागं नेऊन ठेवली. आलेल्यानं हॉलमध्ये बसायचं, आईंच्या हातचं पाणी प्यायचं, मग किल्ली. पाणी नाही, तर किल्ली नाही आणि सगळे पैसे परत. आणि अ‍ॅपवर घराचा पहिला फोटो गच्चीचा होता तो काढून हॉलचा टाकायचा, भिंतीवरच्या फोटोसकट, तांब्या घेतलेल्या आईंसकट. खाली मी लिहिलं, 'आमच्याकडे आधी पाणी, मग किल्ली.' महाडच्या तळ्याचं नाव कुणी काढलं नाही. आमच्या घरात ते काढावं लागत नाही.

"अ‍ॅपवाले आपल्याला काढून टाकतील," महेंद्र म्हणाला.

"टाकू देत. मी रस्त्यावर पाटी लावीन."

आईंना मी विचारलं, पाणी तुम्ही द्याल ना? त्यांनी बराच विचार केला. "पाणी दीन," त्या म्हणाल्या. "त्याला काय, तहानलेल्याला पाणी कुनी बी देतं. पर भाकरी न्हाई." मला तर भाकरीच हवी होती. बुकिंग येवो, न येवो, त्यांचा हात परक्या माणसासाठी परत परातीत पडला पाहिजे, त्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते. पण पाण्यापासून सुरुवात झाली तर झाली.

तर वर्षभर असं चाललं. बहुतेक माणसं काही लक्षातही न येता पाणी पिऊन किल्ली घेऊन जायची, आणि तेच मला आवडायचं. पाटण्याकडचा एक फिटर दोन भांडी पिऊन म्हणाला, "माताजी, एक और," आणि फोटोकडे बघून त्यानं जय भीम घातला. एका साहेबांनी सांगितलं की ते फक्त बाटलीचंच पाणी पितात, पोट बिघडतं. मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन फिल्टर दाखवला आणि त्यांच्यासमोर भांडं भरलं. बिचारे खरंच पोटाला भीत होते, घटाघटा प्यायले. काही जणांना मात्र हॉलमध्ये पाय टाकल्या टाकल्या अर्जंट फोन यायचे. त्यांना मी हसून दारापर्यंत सोडायचे. पहिला फोटो बघूनच जे यायचे बंद झाले, ते किती, मला माहीत नाही. महिनेच्या महिने खोली रिकामी राहायची. महेंद्र महिनाअखेरीला अ‍ॅपवरचा हिशेब उघडून बघायचा आणि फोन उलटा ठेवायचा. आई पाणी देत राहिल्या. भाकरीचं नाव काढत नव्हत्या.

मार्चमध्ये सोनम नावाच्या मुलीचा फोन आला. तिच्या आजीला शिरूरच्या दवाखान्यात एक दिवसाआड आणायचं होतं. घर निमोण्याला. मोटरसायकलवरून एवढी ने-आण झेपत नाही, म्हणून पंधरा दिवस इथंच राहतील, बरोबर तिचे वडील असतील. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. आजार कसला ते विचारलं नाही. दुखणं विचारून खोली देणं मला बरं दिसेना. पोरगी घाईत होती, फोटो-बिटो तिनं काही नीट बघितलेलं दिसत नव्हतं.

दुपारी रिक्षा थांबली. संपत नावाचा चाळिशीचा माणूस म्हातारीला हाताला धरून घेऊन आला, तिला खुर्चीत बसवलं आणि मेडिकलमधून गोळ्या घेऊन येतो म्हणून तसाच मागं वळला. म्हातारीचं नाव तानुबाई. नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि धनगरवाड्यावरच्या बायकांसारखी ताठ बसलेली. चेहरा सुजल्यासारखा होता. ओठ कोरडे पडले होते. तिनं हॉलवरून नजर फिरवली, फोटोवर थांबली आणि परत खाली घेतली. माझं सगळं लक्ष त्या नजरेवर होतं.

आई तांब्या-भांडं घेऊन आल्या.

"नगं," तानुबाई म्हणाली.

"उनातनं आलाय, घोटभर घ्या की," आई म्हणाल्या.

"नगं बाई. न्हाई जमत."

आईंनी भांडं तसंच हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी किल्ली मुठीत आवळली. समोर आजारी म्हातारं माणूस होतं, बाहेर ऊन होतं, आणि मला एकदा वाटलं, जाऊ दे, एवढ्या वेळेपुरतं सोडून दे. पण ज्यांना सोडावंसं वाटतं त्यांना सोडत गेलं, तर नियम राहतो कशाला? आईंच्या हातातलं भांडं दिसत होतं मला. ते भांडं घेऊन त्या मागं फिरल्या, तर परत कधी पुढं येतील?

"मावशी," मी म्हणाले, "आमच्या घरी आधी पाणी, मग किल्ली. पाणी जमत नसेल, तर खोलीही जमायची नाही. तुमचे सगळे पैसे आत्ता परत करते. तुमचा मुलगा येईपर्यंत सावलीत बसा."

मग तिला राग आला. आजारी माणसाच्या अंगात एवढा राग असतो हे मला माहीत नव्हतं. "आमी मेंढरं घेऊन चार जिल्हे हिंडलो," ती म्हणाली. "गावोगाव पाटील इचारायचा, कुठले, किती दिस बसनार, पिकात तर न्हाई ना घालनार. सगळं सांगायचो. चोरागत उभं राहून सांगायचो. पर पानी पिऊन दाखीव, आसं मला कुनी म्हनलं न्हाई."

"तुम्हाला म्हणायची वेळ आली नाही, मावशी," मी म्हणाले. "तुम्हाला गावच्या विहिरीवर चढू देत होते. माझ्या सासूला खाली उभं राहून ओंजळ पुढं करावी लागायची."

हे मी मोठ्यानं म्हटलं. आबांनी पेपर मिटून मांडीवर ठेवला. तानुबाई आईंकडे बघू लागली. आईंनी नजर खाली घेतली नाही.

"व्हय," तानुबाई हळूच म्हणाली. "चढू देत हुते."

तेवढ्यात संपत आला. त्याच्या एका हातात औषधांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची लहान बाटली. बाटलीवर मार्करनं आडव्या रेघा मारलेल्या होत्या. सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत जेमतेम पाणी उरलेलं होतं. त्यानं आईंच्या हातातलं भांडं बघितलं, माझी मूठ बघितली आणि तो घाबरला. "पाजलं का तिला?" त्यानं विचारलं. "पाजू नका, ताई. किडन्या गेल्यात तिच्या. डायलिसिस चालू झालंय. दिवसाचं पाणी ठरवून दिलंय डॉक्टरनी, त्याच्या वर गेलं की छातीत भरतं." मग तानुबाईकडे वळून म्हणाला, "आये, सांगितलं का न्हाई तू?"

"तूच म्हनला, सांगू नगंस."

संपतनं मान खाली घातली. दवाखान्याशेजारच्या एका घरात त्यांनी आधी खोली ठरवली होती. आजार ऐकल्यावर मालकानं सामान आत घेऊ दिलं नाही. म्हातारी इथंच गेली तर खोलीला गिऱ्हाईक मिळायचं नाही, असं तो तिच्या तोंडावर म्हणाला होता. म्हणून बापलेकीनं ठरवलं की आता दुखण्याचं नाव काढायचं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या कोरड्या ओठांकडे दारातच बघितलं होतं आणि मला त्यात नुसता नकार दिसला होता. मी मूठ उघडली आणि किल्ली तिच्यापुढं धरली. "चुकलं माझं, मावशी. घ्या. चला, मी वर घेऊन जाते तुम्हाला."

तिनं किल्ली घेतली नाही.

"थांब," ती म्हणाली. "नेम तुजा हाय ना?"

"तुम्हाला लागू नाही तो. तुमचं कारण वेगळं आहे."

"कारन सगळ्यांकडंच आसतं, पोरी. आज माजं सोडशील, उद्या दुसरं कुनी दुखनं सांगत यील." तिनं पदरानं चेहरा पुसला. "आन् खरं सांगू का? हितनं मी दवाखान्यात जानार, तिथनं कुठं जाईन ठावं न्हाई, आता खोटं कशाला बोलू. आज नगं म्हनले ते दुखन्यापायी. पर आंगात दुखनं नसतं आन् ईस-पंचवीस वर्सांमागं आले आसते, तरी नगंच म्हनले आसते. आमच्या तळावर बी तसंच हुतं. माजी सासू तसंच करायची, मी बी तसंच केलं."

मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. पण वर्षभरात त्या हॉलमधून जे अर्जंट फोन घेऊन निघून गेले, त्यातल्या एकानंही मला खरं सांगितलं नव्हतं. ही बाई खुर्चीचे हात धरून, धाप लागत असताना, खरं सांगत होती.

"संपत," ती म्हणाली, "बाटलीत किती ऱ्हायलंय?"

"रातच्या गोळ्यांपुरतं हाय, आये."

"त्यातलं दोन घोट त्या कुंडीत वत."

"आये, आगं उन्हाळा हाय. रातभर तळमळशील."

"वत म्हनते ना. तेवढंच मी हिच्या तांब्यातलं पेनार. हिशेब तर चुकत न्हाई डॉक्टरचा?"

संपत दारात गेला. तिथं आमची कढीपत्त्याची कुंडी आहे. त्यानं बाटली वाकडी केली आणि इतकं जपून ओतलं की माझाच घसा सुकला. आई आत गेल्या आणि आबांची औषध घ्यायची छोटी वाटी घेऊन आल्या. तांब्यातून तिच्यात दोन घोट ओतले. मग वाटी पुढं केली. तानुबाईनं ती वरच्या वर उचलली नाही. तिनं आईंच्या बोटांवरच आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून ती वाटी तिच्या तोंडाशी नेली.

तिनं पाणी लगेच गिळलं नाही. डोळे मिटून तोंडात धरलं. आम्ही सगळे उभे होतो. मग तिनं गिळलं आणि दुसरा घोट घेतला, तोही तसाच.

"माठातलं हाय?" तिनं विचारलं.

"माठातलं," आई म्हणाल्या.

"गार हाय." तिनं ओठ पुसले आणि माझ्यापुढं हात पसरला. "दे आता किल्ली."

मी दिली. खुर्चीतून आबांनी पेपरावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "डबल."

संपतनं सामान उचललं. मी तानुबाईला उठवायला दंडाला धरलं, तर आतून आईंचा आवाज आला. त्या कधी स्वयंपाकघरात गेल्या होत्या ते कुणाला कळलं नव्हतं.

"ए बाय, मीठ चालतं का तुला?"

"न्हाई गं. मीठ बी बंद केलंय मेल्यानी."

"मग बिनमिठाची करते. आन् भाजी?"

"उकळून पानी काढून टाकायचं, मग परतायची," संपत चाचरत म्हणाला. "पर तुमी कशाला तरास घेता?"

आईंनी त्याला उत्तर दिलं नाही. डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग परातीत पीठ पडल्याचा. परक्या माणसासाठी तो आवाज व्हावा म्हणून वर्षभर माझे कान आसुसले होते. मला रडू आलं आणि मी ते तिथंच, सगळ्यांसमोर, येऊ दिलं.

"तिचं ताट वर घेऊन जाऊ का, आई?" मी डोळे पुसत विचारलं.

"वर कशाला?" आई आतून म्हणाल्या. "जिना चढून दमंल ती. हितंच हॉलमदी पाट मांड. माझ्या शेजारी."